मखमलीखालचा काठ

जनरल उर्दियालेसला हयातीत फार थंडी वाजत असावी. नाहीतर एका माणसाला इतकी घोंगडी कशाला लागतील? आमच्या सालतीयो गावात हातमागावरचं जुनं घोंगडं निघालं की ते जनरल उर्दियालेसचंच निघायचं. एक त्याने लढाईत पांघरलं होतं, एक लग्नात, एक त्याच्या घोड्यावर असायचं. आणि एक म्हणे त्याला गोळी लागली तेव्हा अंगावर होतं, त्याला भोकसुद्धा होतं. ते भोक कसरीने पाडलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ज्याने ते घोंगडं जमवलं होतं त्या एवारिस्तो सेर्तुचेला ते कळत नव्हतं, आणि त्याला सांगायची मला सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण तो माझा कोंपाद्रे. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातावर धरलं, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि मी, कुका पाववाली, त्याची कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्याहून जपतात. एकमेकांना तुम्ही म्हणायचं आणि तोंडावर वाकडं बोलायचं नाही. पाठीमागे काय बोलायचं याबद्दल पाद्रीबाबाने काही सांगितलं नव्हतं, म्हणून हे सांगायला बसले आहे.

एवारिस्तो विजेच्या कचेरीत मीटर वाचायचा. त्या निमित्ताने तो गावातल्या प्रत्येक घराच्या मागच्या अंगणापर्यंत जायचा, जिथे पाहुण्यालाही कोणी नेत नाही. तिथे त्याने काय काय पाहिलं! कुत्र्याच्या अंगाखाली घोंगडं, इस्त्रीच्या टेबलावर घोंगडं, कोंबड्यांच्या खुराड्यावर घोंगडं. पेठेत पाहुण्यांच्या गळ्यात मारतात ती झगझगीत पट्ट्यांची नव्हेत. पणजोबांच्या वेळची, किड्यांपासून काढलेला लाल, निळीचा निळा, मधोमध मोठी शंकरपाळी आणि तिच्याभोवती इतकी बारीक नक्षी की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. त्याला तिथे नाद लागला. त्याच्या बाजूने एवढं सांगते की त्याला नजर होती. शेणामातीने माखलेल्या घोंगड्यातला जुना लाल तो लांबून ओळखायचा.

विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने अदलाबदल सुरू केली. वाघाचं भलंमोठं तोंड छापलेली जाड, मऊ नायलॉनची ब्लँकेटं तेव्हा नवी निघाली होती. हा काखेत वाघ घेऊन जायचा आणि म्हणायचा, "मावशी, हे फाटकं मला द्या आणि हा वाघ तुम्ही घ्या." कोण नाही म्हणेल? बघता बघता आमची अख्खी आळी वाघाखाली झोपायला लागली. त्याची बायको नीएवेससुद्धा. घरात कपाटभर, पलंगाखाली, माळ्यावर लोकरीची घोंगडी, आणि जानेवारीत डोंगरावरून वारा सुटला की ही वाघाच्या जबड्याखाली कुडकुडत पडलेली.

"एक तरी काढा की," ती म्हणायची.

"ती पांघरायची नसतात, नीएवेस. जपायची असतात."

"मग मला पण जपा कधीतरी."

घोंगडं हाती आलं की त्याचं खरं काम सुरू व्हायचं. ते कोणाचं, त्याआधी कोणाचं, त्याच्याही आधी कोणाचं, हा माग काढल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. आता तो माग कसा काढायचा ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. आमच्या समोरच्या चायो म्हातारीच्या ओट्यावर तो बसला होता.

"मावशी, हे तुमच्या आईकडून आलं?"

"आईकडून."

"आईला तिच्या वडिलांकडून?"

"असेल."

"ते जनरल उर्दियालेसच्या फौजेत होते का हो?"

"ते लोहार होते, बाळा."

"फौजेला लोहार लागतोच की."

"लागतो."

"मग जनरलने खूश होऊन दिलं असेल."

चायोने त्याच्या काखेतल्या वाघाकडे पाहिलं. तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, कोरा करकरीत. "आत्ता आठवलं बघ मला," ती म्हणाली. "जनरलनेच दिलं. स्वतःच्या हाताने."

अशा रीतीने जनरल दारोदार घोंगडी वाटत फिरला. आणि एवारिस्तो रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर लोकांना गाठून त्यांच्याच घराण्याचा इतिहास त्यांना ऐकवू लागला. त्याला आळीत 'सरदार' म्हणायला लागले ते मात्र जनरलमुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्या घोंगड्यामुळे.

ते होतं अर्धंच. आमची जुनी घोंगडी दोन अर्धांत विणलेली असतात, कारण माग अरुंद. मग मधोमध शिवण घालून जोडतात. घरचा पुरुष गेला की त्याचं घोंगडं शवपेटीवर घालतात, आणि पुरून आल्यावर बायको मधली शिवण उसवते. एक अर्ध तिचं. त्याचा उसवलेला काठ ती काळ्या दोऱ्याने शिवते. दुसरं अर्ध जाईल त्याचं. कधी भावाचं, कधी मुलाचं, आणि कधी, नवऱ्याने गावात आणखी एक चूल मांडलेली असेल तर, त्या धाकट्या घराचं. त्या दुसऱ्या अर्धाला, मग ते कोणाचंही असो, काळ्या दोऱ्याचा हक्क नसतो. हाताला लागेल त्या रंगाने काठ शिवायचा. ही रीत आता कोणी पाळत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

एवारिस्तोचं अर्ध त्याच्या दर्शनी खोलीत काचेमागे टांगलेलं असायचं. तो सांगायचा की त्याचा पणजोबा अन्सेल्मो सेर्तुचे, म्हणजे ला नोरियाच्या जहागिरीचा धनी. पणजी लेओकादिया, जहागिरीची मालकीण. तिचं नाव त्याने जहागिरीतल्या पडक्या चर्चमधल्या थडग्यावर वाचलं होतं आणि पाठ केलं होतं. तिने आपलं अर्ध ठेवलं, ते वारसाने एवारिस्तोकडे आलं. दुसरं अर्ध तिच्या एका मुलाने टेक्सासला नेलं आणि तो घोंगड्यासकट हरवला. काचेमागच्या त्या अर्धाच्या काठावर जांभळी मखमलीची पट्टी शिवलेली होती, एवारिस्तोच्या आईने. "खालचा काळा दोरा जीर्ण झालाय," तो म्हणायचा. "म्हणून आईने झाकून जपला. मखमल हवेलीतली आहे." मला ती मखमल चर्चच्या जुन्या पडद्याची वाटायची. पण कोंपाद्रेला तोंडावर कसं सांगणार?

तो मात्र तोंडावर सांगायचा. अर्धं घोंगडं दिसलं की त्याची बोटं आधी काठ उलटायची. काळा दोरा दिसला की तो टोपी काढायचा. निळा, हिरवा, पिवळा दिसला की डोळे बारीक करून म्हणायचा, "हं, हे धाकट्या घरातलं." भावाचं असेल, मुलाचं असेल, हा विचारच नाही. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात, पाहुणे डुकराचं लाल मटण आणि भात खात बसलेले, पाद्रीबाबा टेबलाच्या टोकाला, बाळ माझ्या आईच्या घोंगड्यावर निजलेलं. अर्धंच होतं तेही. या माणसाने बाळाच्या पायाखालचा काठ उलटला. लाल दोरा होता.

"कोमाद्रे," तो मोठ्याने म्हणाला, "हे तर धाकट्या घरातलं."

कोणीतरी हसलं. माझी आई हातातला चमचा खाली ठेवून उठली, बाळाला उचललं आणि घोंगड्याची घडी घातली. ते घोंगडं तिने पेटीत ठेवलं ते ती मरेपर्यंत बाहेर काढलं नाही. तिचे आजोबा दोन भाऊ होते, थोरला गेला तेव्हा हे अर्ध धाकट्याकडे आलं, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी तिला कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही. एवारिस्तोने मटण आणखी वाढून घेतलं. मला हे तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही.

तो कचेरीतून निवृत्त झाला आणि त्याच सुमाराला गावच्या संग्रहालयाने ठरवलं की ऑगस्टात ख्रिस्ताच्या जत्रेला जुन्या घोंगड्यांचं प्रदर्शन भरवायचं. त्यासाठी राजधानीतून खिमेना नावाची तरुण बाई आली. प्रत्येक घोंगड्याशेजारी त्याच्या मालकांची ओळ लिहायची होती, पहिल्यापासून आजच्यापर्यंत. एवारिस्तोला वाटलं, देवाने ही मुलगी खास आपल्यासाठी पाठवली. हातगाडी भरून घोंगडी घेऊन गेला आणि संध्याकाळी तीच हातगाडी भरलेली घेऊन परत आला.

"काय झालं, कोंपाद्रे?" मी दुकानातून विचारलं.

"तिने सगळी जनरलची घोंगडी एका बाजूला काढली," तो म्हणाला. "म्हणाली, या माणसाला दुसरा काही उद्योग नव्हता का?"

मी पाव बांधायला खाली वाकले, ते जरा वेळ वाकलेलीच राहिले.

"पण घरचं अर्ध बघून गप्प झाली," तो म्हणाला. "असं विणकाम तिने पाहिलं नव्हतं. म्हणाली, जोडीचं दुसरं अर्ध मिळालं तर दालनाच्या तोंडाशी लावू. नुसतं अर्ध नाही लावणार. अर्धी त्यांच्याकडे खूप पडलीत."

त्याच्या जिवाला एवढंच हवं होतं. जत्रेच्या दिवशी सगळं गाव दालनात शिरावं, समोर सेर्तुचे हे नाव वाचावं आणि मीटरवाल्याला विसरावं. आयुष्यभर लोकांनी त्याला मागच्या दाराने घरात घेतलं होतं. हे मला कळत होतं, आणि कळूनही मला त्याची दया येत नव्हती.

मग तो दुसऱ्या अर्धाच्या शोधाला लागला. आपल्या अर्धाचा फोटो घेऊन बसने रानोमाळ फिरला. टेक्सासहून सुट्टीला आलेल्या प्रत्येक मजुराला त्याने फोटो दाखवला. जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यांतून खोटं हसून आला. आणि ते अर्ध दर आठवड्याला माझ्या दाराशी येत होतं.

माझा पाव पुल्केवर फुगतो. पुल्के म्हणजे घायपाताच्या रसाची आंबट ताडी, ती घातली नाही तर पावाला आमच्या गावचा वास येत नाही. ती आणायची लिब्रादा, ला नोरियाकडची म्हातारी, पुतण्याच्या मोडक्या ट्रकमधून. पिंपात आणायची, आणि उन्हाने ताडी तापू नये म्हणून पिंपाला काहीतरी जाड, काळपट, दशा लोंबणारं गुंडाळलेलं असायचं. ते मी दर खेपेला हाताने बाजूला सारून चव बघायचे. एवारिस्तो त्या ट्रकला वळसा घालून जायचा, कारण त्याला वास सहन व्हायचा नाही. लिब्रादाला त्याने कधी रामराम केला नाही. तिच्याकडे काखेत वाघ घेऊन जाण्याइतकंही त्याला तिच्यात काही दिसलं नाही.

जुलैमध्ये एकदा पिंपाची तोटी गळायला लागली. आम्ही पिंप रिकामं केलं. लिब्रादाने ते गुंडाळलेलं सोडलं, माझ्या अंगणात नळाखाली धरलं, पायाने तुडवलं आणि भिंतीवर वाळत घातलं. पाणी आधी काळं गेलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. वाळता वाळता भिंतीवर लाल उमटला. शेजारच्या गच्चीवर एवारिस्तो आपल्या जनरलला ऊन देत होता.

शिडीवरून तो ज्या वेगाने उतरला तो त्याच्या वयाला शोभणारा नव्हता. ओल्या घोंगड्यासमोर उभा राहिला. अर्धी शंकरपाळी होती, टोकं कापल्यासारखी काठाशी थांबलेली. त्याची बोटं सवयीने काठाकडे गेली. काठ उलटला. काळा दोरा होता, बारीक टाक्यांचा.

त्याने टोपी काढली. "हे कुठून आणलंत, बाई?"

"घरून," लिब्रादा म्हणाली.

"आपलं नाव?"

"लिब्रादा. इतकी वर्षं समोरून जाता आणि आज विचारताय होय?"

"आडनाव?"

"सेर्तुचे."

तो माझ्या पिठाच्या पोत्यावर बसला आणि रडायला लागला. खरंखुरं, नाक ओढत. "बाई, तुम्ही टेक्सासवाल्या," तो म्हणाला. "आपण भावंडं आहोत."

"कुठलं टेक्सास? मी मोंक्लोवाच्या पुढे गेले नाहीये."

त्याच्या ते कानावर पडलंच नाही. काळा दोरा तिच्याकडे असेल तर त्याच्या मखमलीखाली काय असेल, एवढा साधा प्रश्न होता. लोकांचे काठ उलटून उलटून ज्याची बोटं झिजली, त्याला तो पडला नाही. तो खिमेनाला फोन करायला धावला होता.

पुढच्या रविवारी त्याच्या अंगणात पांढरी चादर अंथरली. नीएवेसने कॉफी केली, मी पाव दिला. खिमेना आली, लिब्रादा नवे बूट घालून आली, आणि आळीतले लोक आजूबाजूच्या गच्च्यांवर जमले. चायोसुद्धा खुर्ची घेऊन वर बसली होती. खिमेनाने दोन्ही अर्धी चादरीवर ठेवून हळूहळू जवळ सरकवली. शंकरपाळी पुरी झाली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं वेगळी राहून, एक काचेमागे आणि एक पिंपावर, दोन्हींचा एक टाकाही चुकला नव्हता.

"ही मखमल काढावी लागेल," खिमेना म्हणाली. "काठाला काठ लागत नाहीये."

"ती हवेलीतली आहे," एवारिस्तो म्हणाला.

"ती कारखान्यातली आहे, काका."

नीएवेस आत जाऊन कात्री घेऊन आली. ती कुठे ठेवलीय हे तिला शोधावं लागलं नाही. ती उसवायला बसली, आणि एवारिस्तो उभा राहून मालकांची ओळ सांगू लागला, खिमेना लिहू लागली. "पहिला धनी अन्सेल्मो. त्याच्यामागे त्याची पत्नी लेओकादिया, माझी पणजी."

"लेओकादिया माझी पणजी," लिब्रादा म्हणाली.

"माझीही," तो आनंदाने म्हणाला.

"तुमची कशी? तिला एकच मुलगा झाला. तो माझा आजोबा. त्याने जमीन घालवली आणि बकऱ्या पाळल्या."

"दुसरा टेक्सासला—"

"दुसरा नव्हताच."

नीएवेसचे हात थांबले. मखमल तिच्या मांडीवर पडली होती. काठावर काळा दोरा नव्हता. पांढरी जाड दोरी होती, मोठमोठ्या टाक्यांची. ती मी ओळखणार नाही तर कोण? पिठाचं पोतं ज्या दोरीने शिवलेलं असतं ती. रोज ओढून काढते, खिळ्याला गुंडाळते आणि घरातलं सगळं तिनेच बांधते. जिच्या घरात दुसरा दोरा नाही तीच बाई असल्या दोरीने घोंगड्याचा काठ शिवेल.

गच्च्यांवरचे लोक कठड्यावरून पुढे वाकले. रीत सगळ्यांना माहीत होती. ज्यांना नव्हती त्यांना एवारिस्तोनेच शिकवली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यापासून तयार होतं. डोळ्यांसमोर आईने खाली ठेवलेला चमचा होता. मी श्वास घेतला.

"अगं बाई," गच्चीवरून चायो म्हणाली, "हे तर धाकट्या घरातलं."

चायोला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला वाटतं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. ते पुढच्या चौकापर्यंत गेलं असेल. मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य त्या बाईने असं उधळून टाकलं. मला तिचा राग आला, आणि मग, काय सांगू, जरा हायसंही वाटलं.

खिमेना राजधानीची, तिला रीत ठाऊक नव्हती. तिचं पेन तसंच तयार होतं. "म्हणजे या अर्धाची पहिली मालकीण लेओकादिया नव्हे," ती म्हणाली. "मग कोण? नाव सांगा, काका."

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुमची पणजी ना? तिचं नाव?"

आळीतल्या कुठल्याही घोंगड्याच्या चार पिढ्या हा माणूस झोपेतून उठवलं तरी सांगायचा. चायोच्या लोहार आजोबाच्या घोड्याचं नावही त्याने शोधून काढलं होतं. तो नीएवेसच्या मांडीवरच्या मखमलीकडे बघत राहिला.

"वडील तिच्याबद्दल बोलायचे नाहीत," तो म्हणाला. मग मखमलीकडे बोट करून, "आईला माहीत असावं."

"गुमेर्सिंदा," लिब्रादा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती कॉफीत पाव बुडवत होती.

"गुमेर्सिंदा नाव तिचं. जहागिरीत पाव भाजायची. अन्सेल्मोने तिच्या पोराला आपलं नाव दिलं, जमीन नाही दिली. मरताना म्हणाला, घोंगडं दोघींना द्या. माझ्या पणजीने स्वतःच्या हाताने उसवलं आणि तिच्या अंगावर फेकलं. आणि मग मरेपर्यंत रोज सकाळी मका वाटताना तिला शिव्या घातल्या. गुमेर्सिंदे, तुझ्या भट्टीत तूच जळ. गुमेर्सिंदे, तुझा पाव कधी फुगू नये. पणजीने त्या शिव्या आजीला शिकवल्या, आजीने आईला. मी लहानपणी आधी मारियेची प्रार्थना शिकले आणि मग या." तिने बोटं चाटली. "आमच्या घरात तिचं नाव रोज निघायचं. तुमच्या घरात नाही निघालं?"

"नाही," एवारिस्तो म्हणाला.

तो खाली बसला, चादरीच्या कडेला, जमिनीवरच. त्या दोरीवर त्याने बोट फिरवलं, एकेका टाक्यावरून. मला पहिल्यांदा त्याची दया आली. मला ती यायला नको होती.

"लिहा," तो खिमेनाला म्हणाला. "गुमेर्सिंदा. पाव भाजणारी."

"आडनाव?"

त्याने लिब्रादाकडे पाहिलं.

"शिवीत आडनाव नव्हतं," ती म्हणाली.

खिमेनाला दोन्ही अर्धी शिवून जोडायची होती. लिब्रादाने साफ नकार दिला. पणजीने उसवलेलं मी शिवलं तर ती थडग्यातून उठून येईल, म्हणाली. जत्रेच्या दिवशी ती दालनाच्या तोंडाशी शेजारी शेजारी लागली, मध्ये दोन बोटांची फट ठेवून. एका बाजूला लेओकादिया, जहागिरीची मालकीण. दुसऱ्या बाजूला गुमेर्सिंदा, पाव भाजणारी. सगळ्या गावाने वाचलं. एवारिस्तो नवी टोपी घालून दाराशी उभा होता, येणाऱ्याचं ऐकत. मागून आम्हीही हसलो, नाही म्हणत नाही. पण तो तिथून हलला नाही.

खिमेनाने नाकारलेली जनरलची घोंगडी घरीच होती. त्यातलं गोळी लागलेलं नीएवेसने पलंगावर ओढलं. भोक पायाशी घेते, म्हणाली, म्हणजे वारा लागत नाही. वाघ कुत्र्याला दिला.

एवारिस्तो सुधारला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही त्याला ओळखलं नाही. थंडी सुरू व्हायच्या आत तो माझ्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांना सांगत होता की एकदा जनरल उर्दियालेस ला नोरियात मुक्कामाला होता आणि गुमेर्सिंदाच्या हातचा पाव खाऊन त्याने सगळी फौज तीन दिवस थांबवून ठेवली. सांगताना माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होता, ही आता कधी तोडते म्हणून. मी पाव बांधत राहिले. पिठाच्या दोरीने.

गिऱ्हाईक गेलं तरी तो गेला नाही. टोपी हातात घेऊन उभा.

"कोमाद्रे," तो म्हणाला, "तुमच्या आईचं घोंगडं आहे का अजून?"

"पेटीत आहे."

"बघायला मिळेल?"

"आई होती तेव्हा विचारायचं होतं, कोंपाद्रे."

"हो," तो म्हणाला. ते कोणाचं, त्याआधी कोणाचं, हे काही विचारलं नाही. पाव उचलून तो दाराकडे निघाला. माझा राग अजून तिथेच होता, आणि तो तिथेच राहावा असंच मला वाटत होतं.

"रविवारी या," मी म्हटलं. "पण काठ उलटायचा नाही."